ऊब कितीला पडते?

चंद्रपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला ऊनच आठवते. मे महिन्यात तिथला पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण याच जिल्ह्यात जिवतीचा पहाड आहे. पौष महिन्यात इथे रात्र काढणाऱ्यालाच इथली थंडी कळते. कुडाच्या भिंतीतून वारा शिरतो. कवेलूच्या फटीतून गारवा उतरतो. पहाटे म्हातारी माणसे खोकत उठतात आणि लेकरे चुलीपाशी सरकतात.

या पहाडावर कोलाम आणि गोंड मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातूनही पुष्कळ कुटुंबे इथे आली. बोली वेगवेगळ्या असल्या तरी थंडी सर्वांना सारखीच वाजते. ऊबही सर्वांनाच लागते.

ही ऊब कोणी लाकडातून घेतो, कोणी गॅसमधून, कोणी विजेतून, तर कोणी घोंगडीतून. यात स्वस्त कोणती? विचारले तर दहांतले आठ जण म्हणतील, "लाकूड. ते तर फुकट आहे." खरेच का? आज आपण पाटी-पेन्सिल घेऊन याचा हिशेब करू या. तुम्हाला बेरीज, गुणाकार आणि भागाकार येतो ना? मग झाले. त्याहून अवघड काही नाही.

१. आधी माप ठरवू

धान्य पायलीने मोजतात. दूध लिटरने मोजतात. मग उष्णता कशाने मोजायची?

एक लिटर पाणी घ्या. ते एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला शास्त्रात एक किलोकॅलरी म्हणतात. नाव लांबलचक आहे. आपण सोपेपणासाठी तिला "एक माप" म्हणू.

आता कशात किती मापे उष्णता भरलेली असते ते पाहा. आकडे साधारण आहेत, पण हिशेबाला पुरे आहेत.

वाळलेले लाकूड, १ किलो : सुमारे ३,५०० मापे.
स्वयंपाकाचा गॅस, १ किलो : सुमारे ११,००० मापे.
वीज, १ युनिट : ८६० मापे.

एक युनिट म्हणजे काय? १,००० वॉटची शेगडी किंवा रॉड एक तास चालला की एक युनिट वीज जळते. मीटरवर हेच युनिट मोजतात.

पण एक गोष्ट विसरू नका. लाकडात ३,५०० मापे आहेत म्हणून ती सारी आपल्या पाण्याला मिळत नाहीत. तीन दगडांच्या चुलीवर पातेले ठेवले की जाळ चारी बाजूंनी निसटतो. १०० मापांतली जेमतेम १० ते १५ मापे पाण्यात जातात. बाकीची वाऱ्यावर, धुरावर आणि दगडांवर खर्च होतात. फुटक्या घागरीने पाणी भरल्यासारखे हे आहे. विहिरीत पाणी पुष्कळ, पण घरी येते ओंजळभर.

चांगल्या सुधारित चुलीत १०० पैकी २० मापे तरी पाण्याला मिळतात. गॅसवर ६० मिळतात. विजेच्या रॉडने ९० मिळतात, कारण रॉड पाण्यातच बुडालेला असतो.

२. एक बादली ऊन पाणी

थंडीत घराघरात अंघोळीचे पाणी तापते. तेव्हा हिशेब तिथूनच सुरू करू.

बादलीत २० लिटर पाणी आहे. ते ३० अंशांनी तापवायचे आहे. मग उष्णता किती लागेल?

२० × ३० = ६०० मापे.

ही ६०० मापे कशातून किती खर्चात मिळतील, ते आता एकेक पाहू. भाव गावोगावी आणि महिन्यामहिन्याला बदलतात. म्हणून आम्ही सोपे आकडे धरतो. तुम्ही त्या जागी तुमच्या गावचे आकडे घाला.

तीन दगडांची चूल : एका किलो लाकडातून पाण्याला ३५० मापे मिळतात. ६०० ला ३५० ने भागले की सुमारे १.७ किलो लाकूड येते.

सुधारित चूल : एका किलोतून ७०० मापे मिळतात. म्हणजे सुमारे ०.८६ किलो लाकूड. दगडाच्या चुलीच्या निम्मे.

गॅस : एका किलोतून पाण्याला ६,६०० मापे मिळतात. म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम गॅस. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर एक किलो गॅस सुमारे ६३ रुपयांना पडतो. मग एका बादलीला सुमारे ५ रुपये ७५ पैसे लागले.

वीज : एका युनिटातून पाण्याला सुमारे ७७५ मापे मिळतात. म्हणजे पाऊण युनिटाहून किंचित जास्त. युनिट ६ रुपयांना धरले तर एका बादलीला सुमारे ४ रुपये ६५ पैसे.

आता लाकूड राहिले. त्याचा भाव काय धरायचा?

३. फुकटच्या मोळीची किंमत

कितीतरी घरांत अशी बोलाचाली होते.

सासरे म्हणतात, "सूनबाई, गॅस कायले जाळतेस? जंगल समोर आहे. लाकूड काय विकत आणावं लागते?"

सून म्हणते, "मामाजी, पैसे देऊन आणावं लागत नाही, हे खरं. पण डोक्यावर वाहून आणावं लागते. आज मोळीसाठी गेले, तर कापूस वेचायची अर्धी मजुरी बुडाली."

सासरे गप्प होतात. कारण सुनेचे म्हणणे खोटे नाही. आपण त्याचाच हिशेब मांडू.

मोळी २० किलोची धरू. जंगलात जाणे, काड्या वेचणे, बांधणे आणि डोंगर चढून परत येणे, यात चार तास जातात असे धरू. दिवसाची मजुरी आठ तासांची ३०० रुपये धरू. मग चार तासांचे १५० रुपये झाले.

१५० भागिले २० = साडेसात रुपये.

म्हणजे "फुकटचे" लाकूड साडेसात रुपये किलो पडले! तीन दगडांच्या चुलीवर एक बादली तापवायला १.७ किलो लागते. १.७ × ७.५ = सुमारे १२ रुपये ७५ पैसे. सुधारित चुलीवर तीच बादली सुमारे ६ रुपये ४५ पैशांना पडते.

आता चारही आकडे एकाखाली एक लिहू.

तीन दगडांची चूल : १२ रुपये ७५ पैसे.
सुधारित चूल : ६ रुपये ४५ पैसे.
गॅस : ५ रुपये ७५ पैसे.
वीज : ४ रुपये ६५ पैसे.

ज्याला आपण फुकट म्हणत होतो, तेच सर्वांत महाग निघाले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मजुरी रोज कुठे मिळते? ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी मोळी फुकटच की." हे म्हणणे बरोबर आहे. ज्या घरात नगद पैसा नाही, त्या घराजवळ हातापायाचे कष्ट हीच पुंजी असते. ती कशी खर्च करायची हे त्या घरानेच ठरवावे. पण थंडीचे दिवस म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. त्या दिवसांत कामाला भाव असतो. म्हणून त्या दिवसांत मोळीला गेले तर खोट खरीखुरी बसते. मोळ्या आणायच्याच तर वेचणी सरल्यावर, फाल्गुन-चैत्रात आणाव्या. तेव्हा हाताला काम कमी असते. शिवाय लाकूड उन्हाळाभर वाळते आणि पुढच्या हिवाळ्याला तयार होते.

मोळीची आणखी एक किंमत आहे. ती पैशात मांडता येत नाही. चंद्रपूर हा वाघांचा जिल्हा आहे. ताडोबाचे नाव जगभर झाले, पण वाघ ताडोबाच्या हद्दीतच राहतो असे नाही. सरपण, मोहफूल, तेंदूपान वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या या जिल्ह्यातून वर्षानुवर्षे येतात. म्हणून रानात एकट्याने जाऊ नये. पहाटे आणि दिवस बुडताना जाऊ नये. चार-पाच जणींनी मिळून, बोलत-आवाज करत जावे. वाकून काम करताना एकीने उभे राहून चहूकडे लक्ष ठेवावे. पडलेले, वाळलेले लाकूड तेवढे आणावे. उभे झाड तोडू नये.

मोळी बहुतेक घरांत बाईच आणते. पैशाची पिशवी बहुतेक घरांत पुरुषाकडे असते. म्हणून गॅसचे ९०० रुपये सर्वांना दिसतात आणि मोळीचे १५० रुपये कोणालाच दिसत नाहीत. हिशेब लिहिला की ते दिसू लागतात. लिहिता-वाचता येण्याचा हा एक मोठाच फायदा आहे.

४. ओले जळण, वाळले जळण

लाकूडच वापरायचे असेल तर ते शहाणपणाने वापरावे.

पहिली गोष्ट : लाकूड वाळवा. ओल्या लाकडात निम्मे पाणीच असते. ते चुलीत घातले की आधी त्यातले पाणी उकळते, मग लाकूड जळते. एका किलो ओल्या लाकडातून वाळलेल्याच्या निम्मीच उष्णता हाती लागते, आणि धूर मात्र दुप्पट होतो. लाकूड फोडून, ओट्यावर उभे रचून, पावसापासून झाकून ठेवावे.

दुसरी गोष्ट : पऱ्हाट्या आणि तुराट्या. जिवतीकडे कापूस आणि तूर पुष्कळ. त्याचे जळण शेतातच मिळते. त्यासाठी रानात जायला नको. पण पऱ्हाट्यांचा ढीग पुढच्या पेरणीपर्यंत बांधावर पडू देऊ नका. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. म्हणून पऱ्हाट्या आधी जाळून संपवाव्या आणि लाकूड मागून जाळावे.

तिसरी गोष्ट : झाकण. पाणी तापवताना पातेल्यावर झाकण ठेवा. वाफेबरोबर उष्णता उडून जाते, ती झाकणाने वाचते. झाकणाला पैसा पडत नाही.

चौथी गोष्ट : सूर्य. एका पिंपाला बाहेरून काळा रंग द्या. त्यात पाणी भरून दिवसभर उन्हात ठेवा. काळा रंग ऊन शोषून घेतो. दुपारी हे पाणी दहा अंशांनी तापलेले मिळाले, तर ३० ऐवजी २० अंशच तापवायचे राहिले. म्हणजे तीन मोळ्यांतली एक मोळी वाचली. म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी थंडीत पहाटेऐवजी दुपारी अंघोळ केली तर काही बिघडत नाही.

पाचवी गोष्ट : सुधारित चूल. १९८३ साली सरकारने अशा चुलींची देशभर योजना सुरू केली होती. पुष्कळ घरांत चुली बसल्या, पण पुष्कळ ठिकाणी त्या लवकरच मोडकळीला आल्या. धुराडे झाडले नाही तर काजळीने बुजते आणि धूर घरातच फिरतो. ज्यांच्याकडे अशी चूल असेल, त्यांनी महिन्यातून एकदा धुराडे झाडावे.

धुराचे दुःख लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची लेकरे दोन लाखांहून जास्त होती. चुलीपाशी बसणारी आई आणि तिच्या मांडीवरचे लेकरू, धूर आधी यांच्याच छातीत जातो.

याच कारणाने १ मे २०१६ रोजी गरीब घरांतील बायकांसाठी उज्ज्वला योजना सुरू झाली. तिच्यात गॅसची जोडणी बाईच्या नावाने मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या योजनेचे अनुदान सिलिंडरमागे ३०० रुपये झाले. अनुदान वेळोवेळी बदलते. आज किती आहे ते गॅसच्या दुकानात विचारून घ्या. ३०० रुपये सुटले तर ९०० चा सिलिंडर ६०० ला पडतो, आणि ऊन पाण्याची बादली सुमारे ३ रुपये ८५ पैशांना पडते. पण सिलिंडर घरपोच येत नसेल, तर पहाडावर आणायचे भाडे त्यात मिळवायला विसरू नका.

५. रात्रीची ऊब

आता खरा प्रश्न. पाणी तापले, पण रात्र कशी काढायची?

शहरात काही जण विजेचा हीटर लावतात. हीटर १,००० वॉटचा धरू. रात्री आठ तास चालला.

८ युनिट × ६ रुपये = ४८ रुपये. एका रात्रीचे!

साठ रात्रींचे किती? ४८ × ६० = २,८८० रुपये. प्रत्यक्षात याहून जास्तच. कारण महिन्याला १०० युनिटांपर्यंत दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटांना दर चढतो. नुसता हीटरच महिन्याला २४० युनिट खाईल.

वीज इतकी महाग का? चंद्रपूरला मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याची ताकद २,९२० मेगावॉट. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेने चक्र फिरते आणि वीज तयार होते. पण कोळशातल्या १०० मापांतली साधारण ३५ मापेच विजेत उतरतात. बाकीची धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जातात. म्हणजे उष्णतेची वीज करायची आणि विजेची पुन्हा उष्णता करायची, हा लांबचा रस्ता आहे. बादलीभर पाण्याला तो परवडतो. रात्रभर आख्खी खोली तापवायला परवडत नाही.

आणि खोली तापली तरी ऊब टिकते कुठे? ऊन हवा हलकी असते. ती वर जाते आणि कवेलूच्या फटींतून निघून जाते. खालून कुडाच्या भिंतीतून गार वारा आत येतो. आपण पैसे जाळून आभाळ तापवत बसतो.

मग उपाय काय? उपाय असा की, घर तापवू नका, माणूस तापवा.

काश्मीरमध्ये बर्फ पडते. तिथली माणसे मातीच्या भांड्यात निखारे घालून ते वेताच्या टोपलीत ठेवतात. त्याला कांगडी म्हणतात. फेरन नावाच्या सैल अंगरख्याखाली ती धरून बसतात. जपानात ठेंगण्या मेजाखाली ऊब ठेवून वरून जाड पांघरूण पसरतात आणि घरची सारी माणसे त्यात पाय घालून बसतात. त्याचे नाव कोतात्सु. देश वेगळे, पण अक्कल एकच. आख्खे घर तापवण्यापेक्षा माणूस तापवणे स्वस्त. कांगडीने भाजण्याची आणि आग लागण्याची भीती असते, म्हणून तिची नक्कल करायला आम्ही सांगत नाही. त्यातला विचार तेवढा घ्यावा.

माणूस ही स्वतःच एक शेगडी आहे, बरे का! झोपलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ७० वॉटच्या बल्बाइतकी उष्णता सतत बाहेर पडते. आठ तासांची अर्ध्या युनिटाहून जास्त भरते. ही ऊब खरोखरच फुकट आहे. ती अडवून धरायची, एवढेच आपले काम. घोंगडी ऊब तयार करत नाही. अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

आता घोंगडीचा हिशेब करू. किंमत ६०० रुपये धरू. ती पाच हिवाळे टिकते. प्रत्येक हिवाळ्यात ६० रात्री वापरली.

५ × ६० = ३०० रात्री. ६०० भागिले ३०० = २ रुपये.

हीटर रात्रीला ४८ रुपये, घोंगडी रात्रीला २ रुपये. घरात पाच माणसे असली आणि पाचांना पाच घोंगड्या घेतल्या, तरी रात्रीला १० रुपयेच झाले. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली तर याहून कमी.

पण पांघरूण घेऊनही पुष्कळांना थंडी वाजते. का? कारण खालून थंडी येते. बाजेवर झोपले की दोरीच्या विणीतून गार वारा पाठीला लागतो. जमिनीवर झोपले की ओलसर जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून वर जेवढे पांघराल तेवढेच खाली अंथरा. आधी गोणपाट, त्यावर गोधडी. जमिनीवर असाल तर गोणपाटाखाली वाळलेल्या कडब्याचा थर द्या. डोक्याला फडके आणि पायांत मोजे असू द्या.

दिवाळीच्या आधी कुडाच्या भिंतीच्या फटी शेण-मातीने लिंपून घ्या. वारा येतो त्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावा. धूर जायची वाट मात्र बुजवू नका.

आजीला फारच थंडी वाजत असेल तर दीड लिटर ऊन पाणी रबरी पिशवीत भरून, फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवा. पाणी उकळते नसावे. एवढे पाणी तापवायला गॅसवर साठ-सत्तर पैसे लागतात. सत्तर पैशांत आजीला झोप लागते. याहून स्वस्त शेगडी कोणत्या बाजारात मिळेल?

६. बंद खोलीतला विस्तव

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही नीट वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा आणि लोणारी कोळसा कुठे ना कुठे हाती लागतो. थंडी फार पडली की काही जण घमेल्यात निखारे घालून ते घरात आणतात. दार-खिडकी लावतात आणि झोपतात. धूर दिसत नाही, म्हणून भीती वाटत नाही. पण खरी भीती तिथेच आहे.

हवा अपुरी असली की कोळसा आणि लाकूड नीट जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही. त्याला वास नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोके दुखते. मग चक्कर येते, मळमळते, गळून जायला होते. झोपलेल्या माणसाला हेही कळत नाही. तो झोपेतून उठतच नाही. हिवाळ्यात देशाच्या निरनिराळ्या भागांत अशा रीतीने आख्खी कुटुंबे दगावली आहेत.

म्हणून नियम एकच. विस्तव बाहेर, माणूस आत. शेकोटी अंगणात करा. झोपण्यापूर्वी तिच्यावर पाणी टाकून ती पुरती विझवा. निखाऱ्याचे घमेले झोपायच्या खोलीत कधीही नेऊ नका. खोली तापवायला गॅसची शेगडीही पेटवून ठेवू नका.

कोणाला असा वायू लागलाच तर दारे-खिडक्या सताड उघडा. माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा. १०८ या क्रमांकावर फोन करा. ती रुग्णवाहिका फुकट येते.

विजेच्या रॉडचेही दोन नियम आहेत. रॉड प्लास्टिकच्या बादलीत लावा, लोखंडी बादलीत नको. आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

७. आख्ख्या हिवाळ्याचा हिशेब

एका घरात रोज तीन बादल्या पाणी तापते. हिवाळ्याचे ६० दिवस धरू. ३ × ६० = १८० बादल्या. मग किती लागेल?

तीन दगडांची चूल : ३०६ किलो लाकूड. म्हणजे १५ मोळ्या आणि ६० तास.
सुधारित चूल : सुमारे १५५ किलो लाकूड. म्हणजे ८ मोळ्या आणि ३२ तास.
गॅस : सुमारे साडेसोळा किलो. एका सिलिंडरहून थोडा जास्त.
वीज : सुमारे १४० युनिट. ६ रुपये दराने ८४० रुपये.

पाहा, नुसती चूल बदलली तरी घरच्या बाईचे २८ तास वाचतात. त्या २८ तासांत ती कापूस वेचील, लेकरांना जवळ घेईल, की पाटीवर चार ओळी लिहील, ते तिने ठरवावे. पण तास तिचे आहेत, आणि ते हिशेबात धरले पाहिजेत.

सगळ्यांनी गॅसच घ्यावा किंवा वीजच घ्यावी, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरी जे आहे, त्यातले सोयीचे निवडावे. पुष्कळ घरांत दोन्ही लागतील. स्वयंपाक गॅसवर, अंघोळीचे पाणी पऱ्हाट्यांवर, आणि रात्र गोधडीत. हे मिश्रण वाईट नाही. फक्त कोणत्याही उबेला फुकट म्हणू नका. तिची किंमत कोण मोजते, ते आधी पाहा.

ध्यानात ठेवा

लाकूड वाळवून जाळा. पातेले झाकून तापवा.
थंडीत आधी फटी बुजवा, मग अंथरूण जाड करा, मग पांघरूण वाढवा.
घर नव्हे, माणूस तापवा.
विस्तव घेऊन बंद खोलीत झोपू नका.
मोळी आणणाऱ्या हातांची मजुरी हिशेबात लिहा.

हिशेब करा

१. सिलिंडर ८५२ रुपयांना मिळाला. त्यात १४.२ किलो गॅस आहे. एक किलो गॅस कितीला पडला?

२. १,५०० वॉटचा रॉड अर्धा तास चालला. किती युनिट जळले? ६ रुपये दराने किती पैसे झाले?

३. मोळी २५ किलोची आहे. ती आणायला चार तास लागले. आठ तासांची मजुरी ३०० रुपये आहे. एक किलो लाकूड कितीला पडले?

४. गोधडीचा खर्च ३०० रुपये आला. ती पाच हिवाळे टिकली. दर हिवाळ्यात ६० रात्री वापरली. एका रात्रीचा खर्च किती?

५. तुमच्या घरी आठवड्यात किती मोळ्या लागतात? कोण आणते? किती तास लागतात? घरात सर्वांसमोर लिहून काढा.

उत्तरे : १) ६० रुपये. २) पाऊण युनिट, साडेचार रुपये. ३) ६ रुपये. ४) १ रुपया. ५) हे उत्तर तुमच्या घरीच आहे.

शब्दांचे अर्थ

सरपण : जाळायची लाकडे, जळण.
पऱ्हाट्या : कापूस वेचल्यावर उरलेली कपाशीची वाळलेली झाडे.
तुराट्या : तुरीची वाळलेली झाडे.
धुराडे : धूर बाहेर जाण्याची नळी.
लोणारी कोळसा : लाकडापासून केलेला कोळसा.
अनुदान : सरकार आपल्या वतीने भरते ती रक्कम.
पुंजी : साठवलेले धन.